टाचा जुळवून

माझी पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली आहेत. जन्मतः नाहीत, मी ती वळवलेली आहेत, आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो. सांगलीत मी राहते त्या गल्लीत नव्या माणसाला माझं घर सांगताना "त्या बदकासारख्या चालतात ना, त्या बाई" असंच सांगतात, हे मला ठाऊक आहे. सांगू देत. सत्तरीला टेकलेली ही बाई काठी न घेता, मान ताठ ठेवून मंडईत जाते आणि भरलेली पिशवी घेऊन तशीच परत येते. गुडघे चोळत बसलेल्या माझ्या मैत्रिणी मला विचारतात, तू कुठलं तेल लावतेस गं? मी तेलबिल काही लावत नाही. रोज सकाळी चहाचं आधण ठेवते आणि ते उकळेपर्यंत ओट्याला एका हाताने धरून पाच प्रकारे उभी राहते, एवढंच. हे उभं राहणं मी कुठे शिकले आणि त्यापायी आमच्या घरात एका दुपारी काय झालं, ते आता लिहून टाकते. आमच्या घरातलं ते सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेत ड्रिल मास्तर म्हणून लागले. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. तिथे ढग दिसला तर माणसं हातातलं काम टाकून बघत उभी राहतात. तिथून आम्ही उठून आलो ते थेट पाचगणीच्या धुक्यात. आईला पहिलं वर्षभर तिथला पाऊस म्हणजे उधळपट्टी वाटायची. लुगडी आठ-आठ दिवस वाळत नसत, मीठ डब्यात पाणी होऊन बसे, आणि ती चुलीपुढे बसून म्हणायची, ह्यातला निम्मा तरी आमच्या गावाला धाडा की रं देवा. शाळेच्या स्वयंपाकघरामागे आमची दोन खोल्यांची पत्र्याची क्वार्टर होती. पलीकडून मुलांसाठी शिजणाऱ्या दुधातल्या गोड पदार्थांचा मिळमिळीत वास यायचा आणि अलीकडून आईच्या खरड्याचा ठसका उठायचा. वारा आमच्या बाजूने असला की शाळेच्या भोजनगृहात इंग्रजी बोलणारी मुलं खोकायला लागायची. आई त्यावर मनापासून हसायची.

सकाळी मैदानावरून आबांचा आवाज यायचा, एक-दो-एक, आणि त्या ठेक्यावर आई भाकरी थापायची. तिला विचारलं तर ती कबूल करत नसे, पण आबांनी मुलांना थांबवलं की आमच्या परातीतला आवाजही थांबायचा. घरातलं सगळं त्यांच्या हुकुमांवरच चालायचं. त्यातला "जैसे थे" हा मला सगळ्यांत जवळचा. कवायतीत कुणाचं चुकलं तर त्याला शिव्या घालायच्या नाहीत, कारणं विचारायची नाहीत, नुसतं जैसे थे म्हणायचं. म्हणजे होतास तिथे परत जा आणि नव्याने कर. मी डाव्या हाताने भाकरी उचलली की जैसे थे. चपला वाकड्या काढल्या की जैसे थे. आबा कधी हात उगारत नसत, त्यांना त्याची गरजच पडली नाही.

नोकरांच्या मुलांना त्या शाळेत शिकू देत, म्हणून मी तिथे शिकले. बहुतेक मुली मुंबईच्या, मोठ्या घरच्या. मी त्यांना घाबरून असे, असं कुणाला वाटेल तर तसं काही नव्हतं. पळण्यात मी पहिली होते, गणितात दुसरी होते, आणि झाडावर चढण्यात मला स्पर्धाच नव्हती. शनिवारी दुपारी मुलींना हॉलमध्ये मिस रोशन बॅले शिकवायच्या. मिस रोशन पारशी, उंच, पन्नाशीच्या पुढच्या, केस घट्ट बांधलेल्या. तरुणपणी मुंबईत एका परदेशी बाईंकडे शिकलेल्या आणि मग तब्येतीसाठी म्हणून पाचगणीला येऊन राहिलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि सांगितलं की सगळ्या बॅलेचं मूळ पाय ठेवण्याच्या पाच पद्धतींत आहे, त्या आल्या नाहीत तर पुढचं काहीच येणार नाही. मग म्हणाल्या, फर्स्ट पोझिशन, टाचा जुळवा, बोटं लांब न्या. टाचा जुळवायच्या म्हटल्यावर माझ्या अंगात आबाच संचारले. मी खाडकन टाच आपटली, छाती काढली, मुठी मांड्यांना चिकटवल्या आणि नजर समोरच्या भिंतीवर रोवली. हॉलभर हसू पसरलं. मिस रोशन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या सरमिसळ मराठीत म्हणाल्या, "डिकरी, तू लढाईवर चालली काय?"

पण हसून झाल्यावर त्यांनी माझे खांदे दाबून पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि बाकीच्या मुलींना सांगितलं की हिच्यासारखं सरळ उभं राहायला तुम्हाला वर्ष लागेल. मग माझ्या मुठी सोडवल्या आणि खुब्यावर बोट ठेवून म्हणाल्या, पाय इथून फिरव, खालून नाही. सावधानमध्ये पावलं जरा उघडतात, इथे ती पार उघडायची, दोन्ही मिळून एक सरळ रेघ होईपर्यंत. नुसती पावलं ओढून ती होते, पण मग गुडघे पुढे राहतात आणि वर्षभरात निकामी होतात. मांडीच फिरली पाहिजे, म्हणजे गुडघा आणि पाऊल मागोमाग येतात. हे मला त्या एका वाक्यात कळलं आणि पुढे आयुष्यभर पुरलं. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हेच सांगते, त्या ओढूनताणून पावलं फाकवतातच, आणि मी त्यांना जैसे थे म्हणते. आमच्या क्लासातल्या लहान मुलींची खात्री आहे की जैसे थे हा फ्रेंच शब्द आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

सराव करायला धरण्यासारखा दांडा लागतो. हॉलमध्ये भिंतीला लाकडी दांडा होता, आमच्या दारात पाण्याचं पिंप होतं. त्याचा काठ बरोबर माझ्या कमरेला यायचा. सकाळी आबा पायरीवर बसून, खिळ्याला आरसा अडकवून दाढी करायचे आणि मी पिंपाला धरून उभी राहायचे. पहिली, टाचेला टाच. दुसरी तशीच, पण मध्ये पावलाएवढी जागा सोडून. तिसरीत एका पायाची टाच दुसऱ्याच्या मध्यावर आणून टेकवायची. चौथीत एक पाय पुढे, उंबरा ओलांडताना कुणी हाक मारावी आणि थांबावं तसा. आणि पाचवीत दोन्ही पावलं एकमेकांना अशी चिकटवायची की याचा अंगठा त्याच्या टाचेशी, नव्या बुटांची जोडी खोक्यात उलटसुलट भरतात तशी. पाचवी जमायला मला फार दिवस लागले. ती जमली त्या सकाळी मी ओरडून आईला बोलावलं. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली, बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली, आणि पाय सरळ कर बाई, कुणी बघेल, एवढंच म्हणून आत गेली.

तरीही माझ्या पायातले बूट आईनेच शिवले. मुंबईच्या मुलींचे गुलाबी रेशमी बूट कुठल्याशा दुकानातून यायचे. माझे आबांच्या फाटलेल्या खाकी पँटचे, आतून जुन्या गोधडीचं अस्तर आणि वरून इलॅस्टिक. गुलाबी रांगेत एक खाकी जोडी. मिस रोशननी ते हातात घेऊन शिलाई उलटसुलट पाहिली आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. पुढच्याच शनिवारी स्वतःचे उसवलेले बूट त्यांनी माझ्याबरोबर आईकडे पाठवले. आईने ते दुरुस्त करून दिले, वर कागदात बांधून चार धपाटे दिले. त्यानंतर आमच्या घरी मिस रोशनचा उल्लेख "तुझ्या बाई" असा न होता "आपल्या बाई" असा व्हायला लागला.

आबांचं आणि त्यांचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. भांडण हॉलच्या लाकडी जमिनीवरून होतं. पावसात मैदानावर तळं साचलं की आबा मुलांची कवायत हॉलमध्ये घ्यायचे, आणि त्यांच्या बुटांनी जमिनीवर चरे पडायचे. मिस रोशन मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यातून असं ठरलं की त्यांचा तास पूर्ण संपल्याखेरीज ड्रिल मास्तरांनी दारातून आत यायचं नाही. मग काय, त्या मुद्दाम तास लांबवायच्या आणि आबा काखेत छडी धरून दारात खांबासारखे उभे राहायचे. मागे मुलांची रांग, पुढे आम्ही. त्यांचा चेहरा बघून वाटे, ते हॉलच्या जमिनीकडेच बघताहेत. घरी आल्यावर त्या क्लासविषयी ते कधी अवाक्षर काढत नसत.

मॅट्रिकची परीक्षा संपली त्या आठवड्यात मिस रोशननी मला थांबवून घेतलं. त्यांचे गुडघे आता बोलायला लागले होते. धाकट्या मुलींचा वर्ग तू घे, शाळा पगार देईल, आणि जोडीला वाईच्या कॉलेजात नाव घाल, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्याच क्षणी हो म्हणायचं होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं, आईने आबांना सांगितलं, आबा हूं म्हणाले आणि बूट पुसायला बसले. त्या हूंचा अर्थ लागायच्या आधीच सांगलीहून मामा स्थळ घेऊन आला. मामा हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे कामाला होता, त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कायम पिवळ्या असत आणि तो येऊन गेला की आमच्या अंथरुणाला दोन दिवस हळदीचा वास यायचा. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरी बागायत ऊस, नदीकाठची जमीन. माणच्या कोरड्या मातीत वाढलेल्या माझ्या आईला नदीकाठ या एका शब्दानेच जिंकलं. तिच्या डोळ्यांत मला अख्खी कृष्णा दिसायला लागली. मला मात्र तो हॉल दिसत होता. लग्न ठरलं तर हॉल गेला, हे मला पक्कं कळत होतं, आणि आबा काय ठरवणार ते अजिबात कळत नव्हतं.

पाहुणे आले ते रविवारी दुपारी. मुलगा, त्याचे वडील, मुलाची आत्या आणि मामा. आत्याबाईंना पसरणीच्या घाटात गाडी लागलेली, त्यामुळे त्या लिंबाची फोड चोखत आणि सगळ्या जगावर रागावून आत आल्या. आईने शिरा केला होता, पोहे केले होते. मी हिरवं लुगडं नेसून पोह्यांच्या बशा दिल्या, नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, भाकरी येते का याला येते म्हटलं. मुलगा दिसायला बरा होता आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचून आधी खात होता, हे मला आवडलं. सगळं रीतीने चाललं होतं. मग आत्याबाई म्हणाल्या, जरा चालून दाखव बाळ. त्या काळी मुलीला असं चालवून बघायचेच. लंगडते का, पाऊल नीट पडतं का, याची खात्री करून घ्यायचे. मी भिंतीपासून दारापर्यंत चालले, दारापासून भिंतीपर्यंत आले. मला तोवर माझं चालणं कसं झालंय याची कल्पनाच नव्हती. रोज ज्यात राहतो ते आपल्याला दिसत नाही.

आत्याबाईंनी लिंबू खाली ठेवलं. पाय जुळवून उभी राहा म्हणाल्या. मी टाचा जुळवल्या, आणि पावलं आपसूक दोन दिशांना उघडली. तसं नव्हे, बोटं म्होरं कर, असं त्या म्हणाल्या. मी नजर उचलली तर समोर आतल्या खोलीच्या दारात आई उभी. ती नुसत्या डोळ्यांनी माझी विनवणी करत होती. सरळ कर, एवढं एकदा सरळ कर. करणं काही अवघड नव्हतं. सावधान मला कुणी शिकवायला नको होतं, मी त्याच घरात वाढले होते. पण ते त्या बाईंच्या सांगण्यावरून केलं असतं, तर माझ्या पायांत खोट होती आणि ती मी झाकली, असाच त्याचा अर्थ झाला असता. इतकी वर्षं मेहनत करून मिळवलेली वस्तू मी खोट म्हणून झाकायची, हे मला पटेना. मी तशीच उभी राहिले.

आत्याबाई माझ्याशी बोलल्याच नाहीत, मामाकडे वळून म्हणाल्या, "पोरगी रूपानं चांगली हाय, पर पायानं फेंगडी हाय. हे आधी सांगाय नगं हुतं?"

मामा गडबडला. म्हणाला, आवं आक्का, ते शाळंत कायतरी शिकवलंय तिला, लगीन झाल्यावर चार दिसांत जाईल. त्याने ते माझ्या बाजूनेच म्हटलं होतं, पण आत्याबाईंच्या फेंगडीपेक्षा मामाचं ते "जाईल" मला जास्त लागलं.

आबा इतका वेळ लोखंडी ट्रंकेवर बसून होते. ते उठले. सदरा खाली ओढून सारखा केला. मला वाटलं, आता मला आत जायला सांगतील. त्यांनी मैदानावरचा आवाज काढला. त्या पत्र्याच्या खोलीत तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ताटलीतले चमचे वाजले आणि मुलाच्या हातातली बशी कलंडली.

"शकुंतला. फस्ट पोझिशन."

मी तशीच उभी होते, फक्त गुडघे आणखी ताणले. सेकंड, ते म्हणाले, आणि मी पाय सरकवला. थर्ड. लुगड्याचा घोळ मी हाताने उचलून धरला, पावलं दिसायला हवीत म्हणून. फोर्थ. इथे मी घाईत पाय फार पुढे टाकला. आबांनी माझ्याकडे न बघता, माझ्या पावलांकडे बघत, "जैसे थे" म्हटलं. मी तिसरीत परत गेले, श्वास घेतला, आणि नीट अंतर घेऊन पुन्हा चौथीत आले. ते बरोबर होते. हॉलच्या दारात उभं राहून ते जमिनीकडे बघत नव्हते, हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं, आणि डोळे भरून आले. फिफ्थ, आबा म्हणाले. मी पाचवीत उभी राहिले. ते खाली वाकले, रंगरुटांची रांग तपासावी तसं माझ्या अंगठ्याचं आणि टाचेचं टोक जुळलंय का ते त्यांनी पाहिलं, आणि मग सरळ होऊन म्हणाले, "सावधान." मी पावलं सरळ केली. सैन्यात उभं राहतात तशी, बोटं पुढे, जेमतेम उघडी, नजर समोर. त्यांच्या हुकुमावर करायला मला काहीच अडचण नव्हती.

मग आबा त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलले. "आक्का, खोट असली म्हंजे पाय एकाच जागी ऱ्हातो. हिचा पाच जागी जातुया आन् बोलावल्यावर माघारी येतुया. ही शिकवण हाय. ती काय चार दिसांत जात न्हाई, आन् जाऊ बी नये."

मुलाचे वडील तोवर गप्प गप्प होते, ते एकदम मोकळं हसले आणि म्हणाले की आमची काही हरकत नाही बरं का, पोरगी पसंत आहे. आईच्या चेहऱ्यावर उजेड आला. आत्याबाईंनी लिंबू परत उचललं. आणि आबा हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, तुमची हरकत न्हाई ही चांगली गोष्ट हाय. पर पोरीला हितं काम लागलंय. बाईस्नी मी अजून सांगितलं न्हवतं, उद्या सांगनार हाय."

पाहुणे शिरा खाऊन गेले, भांडण वगैरे काही झालं नाही. आत्याबाईंसाठी आबांनी घाटात लागेल म्हणून दोन लिंबं बांधून दिली. तो मुलगा पुढे चांगल्या घरी पडला. सांगलीत अधूनमधून दिसतो, आता टक्कल पडलंय, नमस्कार करतो, मीही करते. माझं लग्न नंतर रीतसर झालं आणि सांगलीतच झालं, पण ते माझ्या अटीवर, क्लास चालवायच्या अटीवर.

त्या संध्याकाळी मात्र आई कुणाशी बोलली नाही. उरलेला शिरा तिने आमच्या ताटात वाढला आणि स्वतः नुसता भात खाल्ला. नदीकाठ हातात येऊन गेला होता, आणि तो आबांनी आणि मी मिळून घालवला होता, असं तिला वाटत असणार. मला वाईट वाटत होतं, पण मी केलं ते चुकलं असं अजिबात वाटत नव्हतं. आबांनीही तिची समजूत घातली नाही. त्यांना ते येतच नसे.

सकाळी मला जाग आली ती पिंपात पाणी ओतल्याच्या आवाजाने. मी अंथरुणातूनच दाराबाहेर पाहिलं. धुकं अजून उठलेलं नव्हतं. आबा पायरीवर बसून, खिळ्याच्या आरशात बघत साबण लावलेल्या गालावरून वस्तरा फिरवत होते, त्यांची पाठ पिंपाकडे होती. आईने घागर खाली ठेवली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, लुगड्याचा काठ जरा वर खोचला आणि पिंपाला एका हाताने धरून ती सरळ उभी राहिली. तिच्या टाचांना माणच्या उन्हातल्या भेगा होत्या, पाचगणीचा एवढा पाऊस पिऊनही त्या बुजल्या नव्हत्या. तिने त्या टाचा एकमेकींजवळ आणल्या आणि हळूहळू बोटं बाहेर नेली. गुडघे वाकलेले होते, टाचांमध्ये बोटभर फट होती.

आबांचा वस्तरा थांबला. मागे वळून न बघता, आरशातूनच बघत, अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "टाचा जुळल्या न्हाईत. जैसे थे."

मला वाटलं ती आता लाजून घागर उचलेल आणि आत येईल. पण तिने पिंप सोडलं नाही.

"तुमी आधी तिकडं बघा," आई म्हणाली, आणि तिने टाचा जुळवल्या.